हेडमास्तरांची खुर्ची आणि मास्तरांचें समाधान

आमच्या मराठी शाळांतून प्रार्थनेच्या वेळीं मुलांकडून भारताच्या राज्यघटनेची प्रास्ताविका म्हणवून घेतली जाते. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द पहिलीच्या पोरांच्याही तोंडीं बसले आहेत, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्रार्थना आटोपून मुलें वर्गांत गेलीं आणि मास्तर ऑफिसांत शिरले म्हणजे तेथें काय दिसतें? टेबलावर सूचनावही उघडी पडलेली असते. अमक्याचा वर्ग काढून तमक्यास दिला आहे. अमक्या बाईंनीं उद्यांपासून पोषण आहाराचा हिशेब ठेवावा. शनिवारीं शाळा सुटल्यावर सर्वांनीं थांबावें. वाचून सही करावी. कोणास आधीं विचारलें नाहीं, कोणाचें म्हणणें ऐकलें नाहीं. आतां तर पुष्कळ ठिकाणीं वहीचीही गरज उरली नाहीं. रात्रीं दहा वाजतां मोबाइलवर हुकूम येतो आणि सकाळीं दहाच्या आंत माहिती पाहिजे असते. मुलांच्या तोंडून जी समता निघाली ती ऑफिसाच्या उंबऱ्यावर अडखळून पडते, आणि ज्यानें ती शिकवावयाची तो मास्तर खालीं मान घालून सही करतो.

पुष्कळांस ही गोष्ट क्षुल्लक वाटते. ‘मास्तरला पगार मिळतो, सुट्ट्या मिळतात, मग त्याला आणखी काय पाहिजे?’ असें चावडीवर बसून बोलणारे लोक आम्हीं रोज ऐकतों. त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, शाळेचा मुख्य ज्या रीतीनें शाळा चालवितो त्यावर मास्तराचें समाधान अवलंबून असतें, आणि मास्तराच्या समाधानावर तुमच्या पोराचें शिकणें अवलंबून असतें. विहिरीचें पाणी आटलें तर पाट कितीही नीट बांधला तरी वाफा सुकाच राहणार. सबब हा प्रश्न मास्तरांच्या चैनीचा नाहीं. शेतकरी, मजूर, बलुतेदार यांच्या लेंकरांचा आहे. पैसेवाल्यांचीं मुलें खाजगी शिकवणीला जातात. ज्यांना शाळेवांचून दुसरा आधार नाहीं, त्यांच्याच नशिबीं विटलेल्या मनाचा मास्तर येतो.

पगाराचा प्रश्न लहान आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालीं शिक्षणसेवक योजना सुरू झाली, आणि नवीन मास्तरानें तीन वर्षें पुऱ्या पगाराऐवजीं मानधनावर राबावें अशी रीत पडली. प्राथमिक शाळेंतल्या शिक्षणसेवकाचें मानधन २०२३ सालीं दरमहा ६००० रुपयांवरून १६००० रुपये झालें; तोंपर्यंत पदवी, पदविका घेतलेला जवान माणूस कित्येक वर्षें ६००० रुपयांत संसार हांकीत होता. पोटाला चिमटा घेऊन कोणी मन लावून शिकवूं शकत नाहीं. पण पोट भरलें म्हणजे मनही भरतें, हा मात्र मोठा गैरसमज आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आणि त्याच्या सोबत्यांनीं पिट्सबर्ग भागांतील सुमारें दोनशें इंजिनियर व हिशेबनीस यांस त्यांच्या कामाविषयीं प्रश्न विचारून १९५९ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं असें दाखविलें कीं, माणसास कामांत नाराज करणाऱ्या गोष्टी एक, आणि समाधान देणाऱ्या गोष्टी दुसऱ्या. पगार कमी, वरचा माणूस खडूस, नियम जाचक, ह्यांनीं नाराजी होते. पण तेवढें दुरुस्त केल्यानें नाराजी जाते, समाधान येतेंच असें नाहीं. समाधान येतें तें काम तडीस नेल्यानें, त्या कामाची कदर झाल्यानें, आणि जबाबदारी विश्वासानें हातीं दिल्यानें. आम्हां मास्तरांस ह्यासाठीं अमेरिकेच्या ग्रंथाची गरज नव्हती. परंतु जी गोष्ट आम्ही सांगितली असतां कुरकुर ठरते ती परक्यानें मोजून सांगितली म्हणजे शास्त्र ठरते, म्हणून उल्लेख केला.

आणि परक्यांच्याही आधीं ही गोष्ट आमच्या जोतीराव फुले यांनीं ओळखली होती. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांच्या मास्तरांविषयीं सविस्तर लिहिलें आहे. मास्तर शिकून तयार झालेला असावा, तो शक्यतों शेतकरी वर्गांतला असावा, त्याला पुरेसा पगार मिळावा, हें तर त्यांनीं मागितलेंच. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. मास्तरास गांवच्या कारभारांत जागा द्यावी, गांवचे हिशेब तपासणें, दस्त नोंदणें, टपालाचें काम अशीं कामें त्याच्याकडे सोंपवावीं, म्हणजे त्याचा दर्जा वाढेल आणि ज्या लोकांत तो राहतो त्यांच्यावर त्याचें चांगलें वजन पडेल, असें त्यांनीं सुचविलें. ज्याची मुलें जास्त पास होतील त्यास पगाराशिवाय उत्तेजन द्यावें, असेंही म्हटलें. यांतलें मर्म काय? मास्तर हा भाड्याचा बैल नव्हे. त्याला मान, विश्वास आणि कारभारांत हात दिला तरच तो समाजास उपयोगी पडेल. आज आमच्या माथीं गणती, मतदारयाद्या, तांदूळ, तक्ते अशीं कामें तर पुष्कळ आलीं. पण कामाबरोबर जो मान आणि जो हात यावयाचा, तो वाटेंतच कोठें राहिला कोण जाणे! बिनमानाचें वाढीव काम म्हणजे वेठ. जोतीरावांनीं वेठ मागितली नव्हती.

आतां सत्तेचा प्रवास पाहा. मुंबई इलाख्यांत १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून लोकल बोर्डांकडे आल्या. १९४७ च्या कायद्यानें जिल्हा स्कूल बोर्डांची नवी व्यवस्था झाली. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्या ताब्यांत गेल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांस शाळा व्यवस्थापन समिति दिली. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे आणि एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्या असें ठरविलें. शाळेच्या विकासाचा आराखडा करणें आणि आलेल्या पैशावर नजर ठेवणें हें त्या समितीचें काम. आमच्या राज्यांत ह्या समितींत शिक्षकांनीं निवडलेला एक शिक्षकही असतो. म्हणजे शंभर वर्षांत सत्ता मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून गांवाला, कागदोपत्रीं कां होईना, उतरत आली. पण शाळेच्या चार भिंतींच्या आंत मात्र ती खुर्चीवर येऊन जी बसली ती बसलीच. समितीची सभा पुष्कळ ठिकाणीं वहींतच भरते, ठराव आधीं लिहिले जातात आणि सह्या घरोघर जाऊन आणल्या जातात. शिक्षकांचा प्रतिनिधि कोण हें कित्येक शिक्षकांसच ठाऊक नसतें, कारण तो निवडला जात नाहीं, नेमला जातो. कायद्यानें दार उघडलें आहे. आंतून कडी घातली आहे ती आम्हीच.

आम्ही आमच्या नोकरींत अनेक मुख्याध्यापकांच्या हाताखालीं काम केलें आहे. नांवागांवाची जरूर नाहीं; दोन तऱ्हा सांगतों. एका शाळेंत एक बाई होत्या. सहा वर्षें त्यांनीं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. ऊस तोडणाऱ्यांचीं, मेंढक्यांचीं पोरें. घरांत पाटी ना पुस्तक. त्या बाईंनीं स्वतः चित्रें काढून, शब्दांचे पत्ते कापून पोरांस दिवाळीपर्यंत वाचतें करण्याची हातोटी साधली होती. एका जूनमध्यें सूचनावहींत एक ओळ आली आणि बाई सातवीवर गेल्या. कारण विचारलें तर ‘प्रशासकीय सोय’ हे दोन शब्द. बाईंनीं सही केली. सातवीला इमानें शिकविलेंही. पण पत्त्यांची ती पेटी कपाटांत गेली ती पुन्हां उघडली नाहीं, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांनीं बदली मागून घेतली. नुकसान कोणाचें झालें? मुख्याध्यापकांचें नाहीं; त्यांची सोय झाली. नुकसान झालें पहिलीच्या त्या पोरांचें, आणि त्यांच्या आईबापांस तें कधीं कळलेंही नाहीं.

दुसरी तऱ्हा निराळ्या शाळेंतली. तेथले मुख्याध्यापक एप्रिल महिन्यांतच सर्व शिक्षकांस एकत्र बसवीत आणि पुढल्या वर्षीं कोणी कोणता वर्ग घ्यावा हें तेथें बोलून ठरे. सगळ्यांस सगळें मनासारखें मिळे असें नाहीं. एकदां दोघांनाही चौथीच हवी होती. तास दीड तास वाद झाला. शेवटीं ज्यानें तीं मुलें तिसरींत शिकविलीं होतीं त्यानेंच तीं पुढें न्यावीं असें ठरलें. दुसऱ्याला वाईट वाटलें, पण अपमान वाटला नाहीं, कारण कारण त्याच्यासमोर बोललें गेलें होतें. शाळेस जें अनुदान येई त्याचा जमाखर्च ते फळ्यावर लिहीत. खडूच्या पेटीपासून कुलुपापर्यंत. ह्याच शाळेंतले मास्तर संध्याकाळीं पोरांस घेऊन बसत, आणि त्यांस तसें करण्याचा हुकूम कोणीं दिला नव्हता. पगार दोन्ही शाळांत एकच, मुलें एकाच तऱ्हेचीं, वरचे साहेबही तेच. फरक होता तो एवढाच कीं, एका शाळेंत मास्तर ‘त्यांची शाळा’ म्हणत, दुसरींत ‘आमची शाळा’ म्हणत.

ह्या फरकाची परीक्षा परदेशांत फार पूर्वीं झालेली आहे. हिटलरच्या अमदानींत जर्मनी सोडून अमेरिकेस गेलेले कुर्ट लेविन आणि त्यांचे सोबती लिपिट व व्हाइट यांनीं आयोवा येथें दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या टोळ्या करून त्यांच्यावर तीन तऱ्हेचे पुढारी नेमले. त्याचें वृत्त १९३९ सालीं प्रसिद्ध झालें. एक पुढारी सर्व हुकूम स्वतः सोडी. दुसरा मुलांशीं बोलून काम ठरवी आणि स्वतः त्यांच्यांत मिसळे. तिसरा मुलांस मोकाट सोडून देई. हुकमी पुढाऱ्याच्या टोळींत काम पुष्कळ होई. पण पुढारी खोलींतून बाहेर गेला कीं काम थंडावे. मुलें एकमेकांवर चिडत आणि आपल्यांतल्याच एखाद्या दुबळ्यावर राग काढीत. बोलून चालणाऱ्या पुढाऱ्याच्या टोळींत तो बाहेर गेला तरी काम चालू राही. मोकाट टोळीची गत सर्वांत वाईट झाली. आमच्या वाचकांनीं यांतून दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, धाकानें काम होतच नाहीं असें नाहीं. होतें, पण धाक दारांत उभा आहे तोंपर्यंतच. मास्तराचें काम तर असें आहे कीं, वर्गाचें दार लोटलें म्हणजे आंत त्याचा साक्षीदार फक्त त्याचें मन. दुसरी गोष्ट ही कीं, दबलेला माणूस खालच्यावर उलटतो. साहेब केंद्रप्रमुखावर ओरडले, केंद्रप्रमुख मुख्याध्यापकावर, मुख्याध्यापक मास्तरावर. मग मास्तर कोणावर ओरडणार? त्याच्या खालीं फक्त सात वर्षांचें पोर आहे. छडी कायद्यानें बंद झाली. पण ज्या शाळेंत मास्तराचा रोज पाणउतारा होतो तेथें जिभेची छडी कोण बंद करील?

अलीकडचा दाखला पाहिजे असेल तर तोही आहे. ओईसीडी ह्या अनेक देशांच्या मंडळानें २०१३ सालीं ३४ देश व प्रदेश यांतील शिक्षकांस त्यांच्या कामाविषयीं प्रश्न विचारले. भारत त्यांत नव्हता. ज्या शिक्षकांस शाळेच्या निर्णयांत भाग घेण्याची संधि मिळते, ते आपल्या कामाविषयीं अधिक समाधानी असतात, असें त्या पाहणींत सर्व ठिकाणीं आढळून आलें. कोणी म्हणेल कीं, समाधानी माणसालाच सभा गोड लागते, तेव्हां कारण कोणतें आणि कार्य कोणतें हें कशावरून ठरवावें? शंका वाजवी आहे. परंतु तेंच मास्तर एका मुख्याध्यापकाच्या हाताखालीं कोमेजलेले आणि दुसऱ्याच्या हाताखालीं टवटवीत झालेले आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विश्वविद्यालयांत ज्यांच्यापाशीं शिकले त्या जॉन ड्युई यांनीं १९०३ सालींच असें लिहून ठेवलें होतें कीं, ज्या शाळेंत शिक्षकाला काय शिकवावें आणि कसें शिकवावें याच्या विचारांत जागा नाहीं, ती शाळा लोकशाहीचीं माणसें घडवूं शकणार नाहीं. ह्यांतला न्याय साधा आहे. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? ज्यानें स्वतः कधीं मत दिलें नाहीं, विरोध नोंदविला नाहीं, बहुमतापुढें मान तुकविली नाहीं, तो नागरिकशास्त्राचा धडा कितीही पाठ करून घेवो, पोरें शिकतात तें त्याचें वागणें. आणि वागण्यांत तो त्यांस शिकवितो तें हेंच कीं, वरच्यापुढें वाकावें आणि खालच्यास वाकवावें. हजारों वर्षें जातिभेदानें आम्हांस जो धडा दिला तो हाच नव्हता काय?

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, सर्वांस विचारीत बसलें तर शिस्त मोडेल आणि काम खोळंबेल. आमचें उत्तर असें कीं, लोकशाही म्हणजे मोकाटशाही नव्हे. शाळेची घंटा वेळेवर वाजलीच पाहिजे, मास्तर वेळेवर आलाच पाहिजे. ह्यावर मतें घेण्याचें कारण नाहीं. आग लागली असतां सभा भरवा असें कोणी म्हणत नाहीं. परंतु वर्गवाटणी, वेळापत्रक, सहल, स्नेहसंमेलन, अनुदानाचा खर्च ह्या गोष्टी कांहीं आगी नव्हेत. त्या आधीं ठाऊक असतात आणि आधीं बोलून ठरवितां येतात. जो मुख्याध्यापक ह्यांसाठींही ‘वेळ नाहीं’ म्हणतो, त्याला वेळ नसतो असें नाहीं. त्याला दुसऱ्याचें ऐकण्याची भीति वाटते.

दुसरा आक्षेप असा कीं, मास्तर लोकच कामचुकार. त्यांस मोकळीक दिली तर ते पाट्या टाकतील. कामचुकार मास्तर आहेत, हें आम्ही लपवीत नाहीं. पण आमचा अनुभव असा कीं, कामचुकार मास्तराचें हुकमी कारभारांत फार चांगलें चालतें. त्याला फक्त एकाच माणसास खूष ठेवावें लागतें. साहेबांनीं म्हटलें बैल गाभण, तर ह्यानें म्हणावें नववा महिना. एवढ्यावर त्याचें वर्ष निघतें. गोपनीय अहवालांत त्याचाच शेरा उत्तम असतो. उलट जेथें कामाची वाटणी सर्वांसमक्ष होते तेथें कोणीं काय पत्करलें आणि काय केलें हें सर्वांस दिसतें. चार सोबत्यांच्या डोळ्यांना डोळा देणें हें एका साहेबास चहा पाजण्यापेक्षां फार अवघड आहे.

तिसरा आक्षेप स्वतः मुख्याध्यापकांचा आहे, आणि तो आम्हांस खरा वाटतो. ते म्हणतात, ‘आमच्याच हातांत काय आहे? आम्हांलाही वरून हुकूमच येतात.’ शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत मुलें दीडशेंच्या वर असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. खेड्यांतल्या लहान शाळांतून एखाद्या ज्येष्ठ मास्तराच्याच गळ्यांत ती माळ पडते. तो वर्गही शिकवितो, तांदूळही मोजतो, आणि ऑनलाइन माहितीही भरतो. अशा माणसावर राग धरणें अन्याय होईल. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज दुसऱ्या अशैक्षणिक कामास शिक्षकांस लावूं नये असें म्हटलें आहे. तें कलम पाळण्याचें काम वरिष्ठांचें आहे. परंतु बंधुहो, ज्याच्या पाठीवर वरून ओझें येतें त्यानें तर तें वांटून घेण्याची रीत अधिकच धरली पाहिजे. दोन मास्तरांच्या शाळेंतही ‘हें आलें आहे, आपण कसें करूं?’ असें विचारतां येतें. त्याला सरकारी ठराव लागत नाहीं.

आतां एक कडू गोष्ट. आमच्या समाजानें मोठ्या कष्टानें शाळा उभ्या केल्या. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, सर्व जातींचीं पोरें एका पंक्तीला बसविलीं, आणि संस्थेंतल्या कार्यकर्त्यांस आजीव सदस्य करून कारभारांत घेण्याची रीत घातली. ह्या थोर पुरुषांचे फोटो लावून पुढें पुष्कळ संस्था निघाल्या. त्यांतल्या किती संस्थांत आज मास्तरास कारभारांत जागा आहे? कित्येक ठिकाणीं संस्था म्हणजे एका घराण्याचा वाडा झाला आहे. अध्यक्ष वडील, चिटणीस मुलगा, आणि मास्तर म्हणजे घरगडी. निवडणूक आली कीं तो प्रचाराला, लग्न निघालें कीं तो पंगतीला वाढायला. १९७७ च्या कायद्यानें खाजगी शाळांतील नोकरांस संरक्षण दिलें, न्यायाधिकरणही दिलें. पण नोकरी वांचविण्यासाठीं न्यायाधिकरण असतें, मन वांचविण्यासाठीं नसतें. पूर्वीं ज्ञानाच्या दारांत भटशाही आडवी बसली होती म्हणून आमचे वाडवडील झगडले. ते झगडले ते तीच गादी आपल्या माणसास मिळावी म्हणून नव्हे. ती गादीच नसावी म्हणून. गादीवरचा माणूस आपल्या जातीचा आहे एवढ्यानें पायाखालच्याचें दुःख कमी होत नाहीं.

बायकांविषयीं दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. सावित्रीबाईंच्या नांवानें दरवर्षीं ३ जानेवारीस आम्ही भाषणें करतों. पण समारंभाची रांगोळी आणि पाहुण्यांचा चहा बाईंकडे, आणि माइक गुरुजींकडे, ही वांटणी कोणत्या सभेंत ठरली? बाईंच्या मताची गरज जेथें लागत नाहीं तेथें लोकशाहीचें नांव न घेणें बरें.

मग करावें तरी काय? आमच्या मागण्या मोठ्या नाहींत आणि त्यांस पैसा लागत नाहीं. वर्गवाटणी आणि वेळापत्रक शाळा सुरू होण्यापूर्वीं शिक्षकसभेंत ठरावें, आणि एखाद्याचा वर्ग बदलणें भागच असेल तर कारण त्याच्या तोंडावर सांगावें. सभेचे विषय दोन दिवस आधीं कळवावे, आणि सभा शाळेच्या वेळेंत व्हावी, म्हणजे ज्यांस घरीं लहान मूल आहे त्यांसही बोलतां येईल. इतिवृत्तांत विरोधी मतही लिहावें. अनुदानाचा जमाखर्च सर्व शिक्षकांस व समितीस दाखवावा. जास्तीचीं कामें पाळीपाळीनें वांटावीं, मर्जीनें नव्हे. गोपनीय अहवालांत जें प्रतिकूल लिहावयाचें तें आधीं त्या माणसाशीं बोलावें. वर्षभर गोड बोलून मार्चमध्यें कलम चालविणें हा मर्दपणा नव्हे. समितीवरील शिक्षकाचा प्रतिनिधि शिक्षकांनीं खरोखर निवडावा. आणि अध्यापक विद्यालयांत व मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणांत सभा कशी चालवावी, दुसऱ्याचें कसें ऐकावें, हेंही शिकवावें. आम्ही अध्यापक विद्यालयांत फळ्यावर अक्षर कसें काढावें हें महिनोन्महिने शिकलों. सोबत्याशीं मतभेद कसा करावा हें एक दिवसही शिकलों नाहीं.

मास्तर बंधुभगिनींनींही कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. सभेंत तोंड मिटून बसावयाचें आणि बाहेर लिंबाखालीं जाऊन कुरकुरावयाचें, हा आमचा जुना रोग आहे. हक्क मागणाऱ्यानें जबाबदारी घ्यावी लागते. सभेंत बोला, पुरावा घेऊन बोला, आणि ठराव आपल्या विरुद्ध गेला तरी तो आपलाच समजून पार पाडा. ‘मी तेव्हांच सांगत होतों’ म्हणून काम अर्धें टाकणारा मास्तर लोकशाहीचा त्या हुकमी मुख्याध्यापकाइतकाच वैरी आहे. आणि जी वागणूक आपण वर मागतों तीच आपल्या वर्गांत खालीं देतों कीं नाहीं, हेंही ज्यानें त्यानें पाहावें. वर्गाचे नियम मुलांस विचारून कां ठरूं नयेत?

शेवटचें सांगणें गांवकऱ्यांस. तुम्ही शाळेंत येतां तेव्हां भिंतीचा रंग पाहतां, संगणक किती हें विचारतां. ह्यापुढें एक प्रश्न जास्त विचारीत जा: ‘ह्या शाळेंत शेवटची शिक्षकसभा केव्हां झाली, आणि तींत बोललें कोण?’ उत्तर देतांना ऑफिसांत शांतता पसरली, तर समजा कीं तुमच्या पोराच्या वर्गांतही तीच शांतता आहे. तुम्ही समितीचे तीन चतुर्थांश मालक आहां. घरीं आणलेल्या वहींत सही करण्याचें नाकारा, सभा शाळेंत भरवा, मास्तरांस बोलतें करा. बोलता मास्तर असेल तर तुमचें पोर बोलतें होईल. आणि बोलत्या पोराला पुढें कोणी फसवूं शकणार नाहीं.